पटावरचं रण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

छोटे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळायच्या या छंदाबद्दल आलेल्या या खेपेच्या पत्रांवर पावसाची छाप आहे. निम्मी पत्रं रंगाबद्दल आणि डिंकाबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच. असईच्या लढाईवरच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तो प्रश्न तेवढ्या जागेचाच आहे.

प्रश्न: २८ मिलिमीटरचे दहा प्लॅस्टिकचे सैनिक जोडले आणि जुलैत गॅलरीत काळा स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला. वाळल्यावर सगळ्यांवर पांढुरकी साय आली. सैनिक वाया गेले का? (चिपळूण)

नाही गेले. पण आधी हे ठरवा की साय आहे की रवाळपणा आहे, कारण दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. ओलं बोट एका सैनिकाच्या पाठीवरून फिरवा. पांढरेपणा ओल्यात नाहीसा झाला, वाळल्यावर परत आला आणि हाताला पृष्ठभाग गुळगुळीत लागला, तर ती साय. स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडून जातो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. बोटाला बारीक रवाळपणा लागला तर मात्र रंग सैनिकापर्यंत पोचण्याआधी हवेतच सुकलेला आहे. डबा फार लांबून धरला किंवा उन्हात, वाऱ्यात फवारला की असं होतं.

साय असेल तर काहीच करू नका. वर रंग चढणारच आहे, तो ती झाकतो. शेवटच्या मॅट वार्निशवर साय आली असेल तर सैनिकांवर ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या. पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारा.

रवाळपणा असेल तर आधी जुन्या टूथब्रशने कोरडंच घासून बघा. नाही गेला तर रंग उतरवावा लागेल. इथे थिनर किंवा अ‍ॅसिटोनला हात लावू नका. या सैनिकांचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळतं आणि सैनिकाचा चेहरा रंगाबरोबर निघून येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तास-दोन तास बुडवा, घासा, भांड्याच्या साबणाने धुवा. काही स्प्रे अल्कोहोलला दाद देत नाहीत, म्हणून आधी एकाच सैनिकावर प्रयोग करा. आणि हे फक्त प्लॅस्टिक आणि धातूपुरतं आहे. रेझिनचे सैनिक जास्त वेळ बुडवले तर मऊ पडतात.

आता पुढच्या वेळेचं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर स्प्रे उचलायचाच नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर म्हणजे जवळजवळ रोजच. एक साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. तो नसेल तर मिठाच्या बरणीत मीठ ओलसर झालंय का ते बघा, तेवढं पुरतं. या महिन्यांत ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरा. दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास, आणि रंगवायला दुसऱ्या दिवशी घ्या. घाई करून तासाभरात रंगवलंत तर प्रायमर कोपरांवरून आणि तलवारीच्या धारेवरून सालपटासारखा निघतो. ब्रशवर थेंब जास्त झाला की तो डोळ्यांत आणि बटणांत साचतो. तो वाळण्याआधी कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या.

आणखी एक चूक फार जणांकडून होते. सैनिक एसीच्या खोलीत ठेवलेले असतात आणि तिथून थेट गॅलरीत आणून फवारले जातात. थंड पाण्याचा ग्लास बाहेर आणल्यावर जे होतं तेच त्यांचंही होतं, फक्त दव इतकं बारीक असतं की दिसत नाही. अर्धा तास बाहेर ठेवा, मग फवारा. डबा दोन मिनिटं हलवा, अंतर वीतभर ते सव्वा वीत. फवारा सैनिकाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवायचा, त्याच्या अंगावर सुरू करायचा नाही. लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने पाच-पाच चिकटवले की काम निम्म्यावर येतं.

प्रश्न: धातूच्या घोडेस्वारांचे हात फेविक्विकने चिकटवतो, पण पेटी उघडली की दोन-तीन हात खाली पडलेले असतात. (ठाणे)

फेविक्विक ताणाला घट्ट असतं, टोल्याला ठिसूळ. धातूचा हात जड, सांधा शेंगदाण्याएवढा, त्यामुळे पेटीचा एक हिसका पुरतो. सांध्याला खिळी घाला. ०.८ मिलिमीटरचं बिट हातड्रिलमध्ये लावून खांद्यात आणि दंडात चार-पाच मिलिमीटर खोल भोक पाडा आणि तेवढ्याच जाडीची पितळी तार बसवा. दोन्ही भोकं समोरासमोर येत नाहीत, हीच खरी अडचण. त्यावर उपाय असा: एका बाजूला भोक पाडून त्यावर रंगाचा बारीक ठिपका द्या आणि हात जागेवर दाबा. दुसऱ्या बाजूला उमटलेल्या ठिपक्यावर बिट टेकवा. चिकटवण्यापूर्वी दोन्ही तोंडं कानशीने खरवडा. गुळगुळीत धातूवर कुठलाच डिंक धरत नाही.

पावसाळ्यात हा डिंक लवकर धरतो, कारण तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. पण लगेच पेटी बंद केली तर त्याची वाफ आतल्या आत फिरते आणि रंगवलेल्या भागावर पांढरा बुरा चढवते. रात्रभर उघडं ठेवा. जुन्या ओतीव सैनिकांत शिसं असतं. कानशीचा कीस ओल्या कागदावर घ्या, हात धुवा आणि चहाचा कप त्या टेबलावर ठेवू नका.

प्रश्न: थर्मोकोलची टेकडी केली, स्प्रे मारला आणि टेकडीत गुहा झाली. (नाशिक)

स्प्रेचा द्रावक थर्मोकोल खातो. आधी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्म करून दोन हात द्या, वर चाळलेली नदीची वाळू भुरभुरा, आणि पूर्ण वाळल्यावर ब्रशनेच रंग द्या. पाट एमडीएफचा असेल तर मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकाच बाजूने भिजला तर तो वाळताना तव्यासारखा वाकतो, आणि वाकलेल्या पाटावर सगळी फौज हळूहळू मध्याकडे सरकत राहते.

प्रश्न: असईची लढाई ६ बाय ४ फुटांच्या टेबलावर ६ मिलिमीटरच्या सैनिकांनी मांडायची आहे. प्रमाण कसं ठरवू? आणि दर वेळी इंग्रजच जिंकले तर शिंद्यांच्या बाजूने कोण खेळणार? (छत्रपती संभाजीनगर)

प्रमाण माणसांवरून ठरवू नका, जमिनीवरून ठरवा. २३ सप्टेंबर १८०३ची ही लढाई केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली बेचक्याच्या टोकाकडून आत आला. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, त्यांचा सेनानी जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पोलमन. वेलस्ली बाजूने नदी उतरतोय हे दिसताच पोलमनने आपली अख्खी रांग काटकोनात वळवली: डावं टोक असई गावाजवळ, उजवं केळणेला टेकलेलं. ही रांग सुमारे मैलभर लांब. त्यामुळे १ फूट म्हणजे ५०० मीटर धरा. टेबल ३ किलोमीटर बाय २ किलोमीटरचं होतं, रांग सव्वातीन फुटांत बसते, आणि दोन्ही नद्या लांब कडांना लागून येतात. बाजूने वळसा घालायला जागा कुणालाच उरत नाही. लढाई अशीच होती.

याच मापाने बाकीचं निघतं. ६०० जणांची पलटण दोन ओळींत उभी राहिली तर ३०० जोड्या, प्रत्येकी ५५ सेंटिमीटर, म्हणजे १६५ मीटर. टेबलावर १० सेंटिमीटर. सैनिक चिकटवलेल्या, ५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या म्हणजे एक पलटण. शिंद्यांचं कवायती पायदळ १०,८०० च्या आसपास. त्याच्या १६ पलटणी केल्या तर सगळ्या एका रांगेत मावत नाहीत, म्हणून आठ पुढे आणि आठ मागे. बंदुकीचा परिणामकारक पल्ला १०० मीटर, म्हणजे ६ सेंटिमीटर. तोफेचे छर्रे १८ सेंटिमीटर, गोळा ५४ सेंटिमीटर. हे आकडे मांडले की वेलस्लीला काय दिसलं असेल ते कळतं: त्याचं पायदळ बंदुकीच्या टप्प्यात येण्याआधी ४८ सेंटिमीटर तोफांसमोरून चालत येतं.

तोफा शंभरावर होत्या. एक प्रतिकृती म्हणजे आठ तोफा धरून शिंद्यांना बारा द्या, इंग्रजांना दोन. इंग्रजांच्या तोफा पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उचलून घ्या, कारण ओढणारे बैल मेले आणि वेलस्लीने तोफा मागे सोडून पायदळ पुढे काढलं.

आता ज्या दोन गोष्टींशिवाय असई ही असई राहत नाही, त्यांचे नियम. पहिला गोलंदाजांचा. इंग्रजांच्या ७८ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने आणि मद्रासी पलटणींनी तोफांची रांग ओलांडली, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. म्हणून तोफ जिंकली तरी ती टेबलावरून काढायची नाही. इंग्रजांची एखादी तुकडी तिच्यापाशी थांबलेली नसेल तर पुढच्या फेरीला फासा टाका. पाच किंवा सहा पडले की तोफ पुन्हा शिंद्यांची, तोंड कुठेही वळवून. इंग्रजांच्या खेळाडूला आधीच मोजक्या असलेल्या पलटणींतून राखणदार सोडावे लागतात आणि त्याची रांग विरळ होत जाते.

दुसरा नियम उजव्या टोकाचा. वेलस्लीच्या उजवीकडच्या तुकड्या गैरसमजाने सरळ असई गावाच्या तोफांवर चालून गेल्या, मागोमाग ७४ वी हायलँडर्सही, आणि तिथे त्यांची अक्षरशः चाळण झाली. घोडदळाने धावून जाऊन त्यांना सोडवलं. खेळताना कुणीही शहाणा माणूस गावावर जाणार नाही, त्यामुळे हे फाशावर सोडा: पहिल्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी एक किंवा दोन पडले तर उजवीकडची सगळ्यात टोकाची तुकडी पूर्ण चालीने गावाकडेच जाते.

जिंकण्या-हरण्याचं आता. शिंद्यांनी मैदान राखावं अशी अट ठेवलीत तर खरंच कुणी खेळणार नाही. मोजमाप इंग्रजांच्या नुकसानीवर ठेवा. प्रत्यक्षात त्यांचे ठार आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले, शिंद्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. इंग्रजांनी नऊपेक्षा जास्त तोफा-प्रतिकृती राखल्या आणि निम्म्याहून कमी पट्ट्या गमावल्या तर ते जिंकले, नाहीतर शिंदे. मराठ्यांचं हजारोंचं घोडदळ या लढाईत फारसं उतरलंच नाही. पश्चिम कडेला चार-पाच पट्ट्या ठेवा आणि सहा पडल्याशिवाय हलवू नका. डाव पोलमनने तोंड वळवल्यानंतरच सुरू करा. नदीउताराची चाल समोरच्याला आधीच ठाऊक असते, तिथे आश्चर्याचं नाटक करण्यात अर्थ नाही.

प्रश्न: घरात फक्त जेवणाचं टेबल आहे आणि खेळायला जोडीदार नाही. सुरुवात कशाने करू? (पुणे)

डीबीए या नियमावलीने. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी १९९० मध्ये निघालेली ही नियमावली आहे. दोन्ही बाजूंना बरोबर बारा-बारा पट्ट्या. १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी पट्टी ४० मिलिमीटर रुंद, मैदान दोन फूट चौरस. पायदळाच्या पट्टीवर तीन-चार सैनिक, हलक्या फौजेच्या पट्टीवर दोन, म्हणजे एक फौज चाळिसेक सैनिकांची. डाव तासाभरात संपतो आणि ताटं मांडायला टेबल मोकळं होतं.

जोडीदाराची वाट बघत एकच फौज रंगवू नका. एकमेकांशी खरोखर लढलेल्या दोन फौजा तुम्हीच तयार करा आणि नियम येत नसलेल्या माणसाला त्यातली एक द्या. नवख्याला दोनशे सैनिकांचा खर्च सांगितला की तो परत येत नाही. रंगवलेली फौज आयती हातात दिली तर तासाभर बसतो. पहिल्या बारा पट्ट्या पूर्ण होईपर्यंत तिसरी फौज विकत घ्यायची नाही, एवढं मात्र पाळा. कपाटात न रंगवलेल्या सैनिकांचे डोंगर या छंदात सगळ्यांकडेच असतात, पण ते पहिल्याच वर्षी उभे राहायला नकोत.

प्रश्न: लेस्टरला राहते, जवळच्या क्लबमध्ये पहिल्यांदाच जाणार आहे. तिथले रीतीरिवाज काय? (इंग्लंड)

आधी कळवून जा. कुणीतरी तुमच्यासाठी जास्तीची फौज आणून ठेवतं. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि उचलायचाच तर बेस (पायाखालची चकती) धरून, भाला धरून नाही. चाल करण्याआधी हेतू मोठ्याने सांगा: ‘ही तुकडी तुमच्या बंदुकीच्या टप्प्याबाहेर ठेवतेय.’ मग मागाहून दोन मिलिमीटरवरून वाद होत नाहीत. फासा पुस्तकाला टेकून तिरका राहिला तर पुन्हा टाकायचा, आणि तो टाकायचा की नाही हे पहिल्या फाशाआधी ठरवून घ्यायचं. हरलात तर टेबल आवरायला थांबा. जिंकलात तरी थांबा.

एप्रिलमध्ये लंडनला सॅल्यूट हे या छंदाचं प्रदर्शन भरतं, तिथे एक चक्कर मारा. पाठीवरची मोठी पिशवी मात्र जमा करा. गर्दीत वळताना तीच बहुधा कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या देखाव्यावरून फिरते.