ओबीएमचं (बोटीच्या मागे बाहेर लावतात त्या आउटबोर्ड इंजिनाचं) ऑइल कधी बदलायचं? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याच्या वर प्रश्न ऑइलचेच आहेत, मे महिना जवळ आला की सगळ्यांना इंजिन आठवतं. म्हणून बाकीचं बाजूला ठेवून आज फक्त तेवढंच घेतो.

प्रश्न: देवबागला माझी टुरिस्ट बोट आहे, ४० एचपीचं फोर स्ट्रोक. मेकॅनिक म्हणतो वर्षातून एकदा ऑइल बदल, इंजिन विकणारा म्हणाला १०० तास. कोणाचं ऐकू?

दोघंही खोटं बोलत नाहीयेत. मॅन्युअलमध्ये असं असतं की १०० तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. आता ते वर्ष आहे ना, ते रविवारी गळ घेऊन खाडीत जाणाऱ्या हौशी माणसासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. सीझनला रोज पाच तास इंजिन चालतं धरलं तर २० दिवसांत १०० तास संपले! म्हणजे दिवाळीला टाकलेलं ऑइल तुम्ही मेपर्यंत चालवत असाल तर त्याने कधीच मान टाकलेली असणार.

काही जण म्हणतात १०० तास म्हणजे फारच लवकर, गाडीला तर हजारो किलोमीटर चालतं. अहो गाडी उताराला लागते, सिग्नलला थांबते, टॉप गिअरमध्ये निवांत पळते. ओबीएमला उतार नाही, पाच-साडेपाच हजार आरपीएमवर ते सतत ओढत असतं, फोंडा घाट दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढत राहावं तसं. नवीन इंजिन असेल तर पहिलं ऑइल २० तासांतच काढायचं, कारण रिंगा आणि बेअरिंग बसताना जो बारीक चुरा निघतो तो त्यात फिरत असतो. फिल्टर कितीदा बदलायचा हे कंपनीप्रमाणे वेगळं आहे, कुठे १०० तास, कुठे २००, पण टुरिस्ट बोटीला मी दर वेळी बदलतो.

तास मोजायला मीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा अवरमीटर मिळतो तो लावा. तोही नको तर वही ठेवा, तिकिटांचा हिशेब लिहिताच की रोज, त्याच पानावर इंजिनाचे तास लिहा.

प्रश्न: आचऱ्याहून एकांनी सरळ मालवणीत विचारलंय, टू स्ट्रोक मशीन आसा, तेचा ऑइल किती दिवसान बदलूचा? झाकाणच गावना नाय.

गावणारच नाही, कारण टू स्ट्रोकला ऑइलचा सम्पच, म्हणजे तळाशी ऑइल साठवायची टाकीच नसते. पेट्रोलमधून जे ऑइल जातं ते जळून जातं, बदलायला काही उरतच नाही. बहुतेक मॉडेलना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. नवीन इंजिनाला सुरुवातीचे काही तास याच्या दुप्पट. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने गार होणाऱ्या टू स्ट्रोक बोट इंजिनाच्या ऑइलची खूण) लिहिलेलंच घ्यायचं. मोटरसायकलचं टूटी (टू स्ट्रोक ऑइल) स्वस्त मिळतं म्हणून ओतू नका, ते हवेवर गार होणाऱ्या तापट इंजिनासाठी बनवलेलं असतं, त्यातली राख प्लगवर नि रिंगांवर बसते.

पण एक ऑइल तुम्हालाही बदलायचंय, खालच्या गिअरबॉक्सचं. तेच लोक विसरतात. आणि त्यावरूनच पुढचा प्रश्न.

प्रश्न: हर्णैला गिअर ऑइल काढलं तर चहासारखं निघालं. नवीन भरलं तर चालेल का?

चालेल, पण किती दिवस ते विचारू नका. दुधाळ निघालं म्हणजे पाणी शिरलंय आणि पाणी कुठून तरी शिरलंय, नवीन ऑइल भरल्याने ती वाट काही बंद होत नाही.

आधी पंखा (प्रोपेलर) काढा. माझ्याकडे येणाऱ्या अशा दहातल्या निम्म्या केसमध्ये पंख्याच्या मागे शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडतो. नुसता गुंडाळलेला नाही, घासून गरम होऊन सीलच्या ओठात शिरून बसलेला, हिरवट काचेच्या बांगडीसारखं कडं झालेलं असतं, ते पक्कडीने ओढलं की सीलचा तुकडा घेऊनच बाहेर येतं. मग सील बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी पंखा काढून बघा हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी लोक मान डोलावून घरी जातात. तंगूस नाही सापडला तर गिअर ऑइल काढायच्या-भरायच्या स्क्रूचे वॉशर बघा. दर वेळी नवे टाकायचे असतात, जुनेच दाबून बसवले की तिथूनही पाणी जातं.

रंग नीट कळत नसेल तर इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी सुरू न करता खालचा स्क्रू हळूच सैल करा. पाणी जड, ते तळाला बसतं, आधी पाण्याचे थेंब आले तर शंकाच नको. स्क्रूच्या चुंबकाला काळपट मऊ मेणासारखं लागलं असेल तर घाबरू नका, गिअरची झीज तेवढी होतेच. टोचणारे तुकडे लागले तर मात्र उघडायची वेळ आली.

भरायचं कसं हेही सांगून टाकतो, कारण सुरुवातीला माझीच चूक झाली होती. मी वरच्या भोकातून ओतलं, वरून भरलेलं दिसलं, खूश. आत हवा अडकली होती, गिअरबॉक्स अर्धाच भरलेला, आठवड्यात गिअर ओरडायला लागले आणि खर्च माझ्या खिशातून. खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून खालचा. वेळापत्रक इंजिनासारखंच, पहिल्यांदा २० तास, मग १००.

प्रश्न: माझ्या फोर स्ट्रोकचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय! ऑइल मोजायच्या पट्टीवर खुणेच्या वर दिसतं.

आधी हे सांगा की इंजिन सरळ उभं करून बघता का? बोट लावताना इंजिन वर उचललेलं असतं, तसंच किंवा लगेच बघितलं तर पट्टी काहीही दाखवते. सरळ उभं, बंद करून दहा मिनिटं, मग बघा. तरीही वर असेल तर पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल पातळ होतंय.

जाळं टाकताना तासन्‌तास स्लोवर चालवलं की इंजिन पुरतं तापत नाही, उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. आणि आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी पाण्याची झडप) काढून टाकणं. इंजिन गरम होतंय म्हटलं की कोणीतरी सांगतो थर्मोस्टॅट काढ, प्रश्न मिटला. मिटत नाही हो, इंजिन कायम गार राहतं आणि ऑइल वाढतं. मीठ बसून अडकलं असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवून बघा, नाही सुटलं तर नवीन घाला. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात फ्युएल पंपाचा पडदा फाटला तरी असंच होतं, तोही तपासा. ऑइल बदलायला मात्र १०० तासांची वाट बघू नका, आजच बदला.

प्रश्न: कारचं १०डब्ल्यू-३० घरात पडलंय, घालू का?

ग्रेड बरोबर असेल तर अडीअडचणीला एकदा चालून जाईल. रोजच्यासाठी डब्यावर एफसी-डब्ल्यू (फोर स्ट्रोक बोट इंजिनाच्या ऑइलची खूण) असलेलं घ्या, खारट दमट हवेत गंज धरू नये म्हणून त्यात वेगळी द्रव्यं असतात.

प्रश्न: आम्ही तापोळ्याला, कोयनेच्या गोड्या पाण्यात. आम्हाला सूट आहे का?

ऑइलला सूट नाही, समुद्राचं पाणी इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळतच नसतं त्यामुळे तास तेच. रोज फ्लश करायचा, म्हणजे गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचा त्रास वाचला एवढंच. झिंकचे अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) मात्र गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे लावा.

प्रश्न: बोट १ जूनला बंद होते. ऑइल आता बदलू की पावसाळा संपल्यावर ताजं घालू? आता घालून फुकट जाणार ना?

आता. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी माझं उत्तर हेच. वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल असतं. ते भरून इंजिन दोन-तीन महिने पडवीत उभं राहिलं की चालताना नाही तेवढं बेअरिंगचं नुकसान नुसतं बसून होतं. ड्रममध्ये गोडं पाणी घेऊन दहा मिनिटं इंजिन चालवा, ऑइल गरम झालं की काढा, नवीन भरा, पुन्हा पाच मिनिटं चालवा म्हणजे ते सगळीकडे फिरेल. गिअर ऑइलही तेव्हाच, पाणी शिरलेलं असेल तर आताच कळेल आणि सील आणायला हाताशी दोन महिने राहतील. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, आता त्यात इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. इंजिन उभंच ठेवा, आडवं टाकून वर ताडपत्री घालू नका.

आणि काढलेलं काळं ऑइल खाडीत ओतायचं नाही, त्याच खाडीतले तिसरे (शिंपले) आपण खातो. नवीन ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांचा ड्रम भरला की जुनं ऑइल शुद्ध करणारे लोक येऊन घेऊन जातात.