ह्यूस्टन समुद्रापासून इतकं आत असूनही एवढं मोठं शहर कसं झालं? रेल्वे येण्याआधी टेक्सासमध्ये दळणवळण कसं चालायचं?

मी गेली बरीच वर्षं ह्यूस्टनमध्ये राहतो आणि या शहराच्या जुन्या इतिहासात मनापासून रमतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेक्सासचा सुरुवातीचा इतिहास कळायला आधी तिथली माती बघावी. मध्य आणि पूर्व टेक्सासचा मोठा पट्टा आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखा काळ्या मातीचा. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसात चाक आसापर्यंत रुतणार. पीकही तेच, कापूस. गाठी बैलगाड्यांवर लादून बंदरापर्यंत न्यायच्या म्हणजे कित्येक आठवडे जायचे. हा कापूस पिकवणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. 1860 साली टेक्सासमध्ये सुमारे 1,82,000 माणसं गुलामीत होती, म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस. ही गोष्ट वगळून तिथल्या कापसाबद्दल बोलता येत नाही.

नद्या होत्या, पण उथळ, आणि झाडांच्या ओंडक्यांनी तुंबलेल्या. म्हणून 1836 मध्ये ऑगस्टस आणि जॉन ॲलन या भावांनी बफेलो बायूच्या काठी जमीन घेऊन ह्यूस्टन वसवलं. बायू म्हणजे संथ, गढूळ ओढा. पण तो पूर्व-पश्चिम वाहतो आणि गॅल्व्हेस्टनच्या उपसागराकडून कापूस पिकवणाऱ्या मुलखाच्या दिशेने बराच आत येतो, हे या भावांनी नेमकं हेरलं.

जानेवारी 1837 मध्ये 'लॉरा' नावाची आगबोट पहिल्यांदा इथे आली. बायूच्या खालच्या अंगाला असलेल्या हॅरिसबर्ग या गावापासूनचे जेमतेम बारा मैल कापायला तिला तीन दिवस लागले, कारण उतारूंनाच उतरून ओंडके बाजूला करावे लागत होते. एवढं करूनही शहर कुठे आहे तेच कळेना! कंटाळून काही उतारू छोट्या होडीतून शहर शोधायला निघाले, तर ती होडी शहराची जागा ओलांडून पुढच्या ओढ्यात शिरली आणि झुडपांत अडकली. पुढे गव्हर्नर झालेले फ्रान्सिस लबक त्या होडीत होते. मागे फिरल्यावर पाण्याकाठी उमटलेल्या पाऊलखुणांवरून आणि ठोकलेल्या खुंट्यांवरून शहराचा पत्ता लागला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ती जागा आज 'ॲलन्स लँडिंग' म्हणून ओळखली जाते. तिथे पायऱ्यांवर बसलं की दोन ओढ्यांचं मातकट पाणी एकमेकांत मिसळताना दिसतं, आणि होडी वाट कशी चुकली असेल ते लगेच पटतं.

1840 मध्ये ह्यूस्टनने आपल्या शिक्क्यावर नांगराबरोबर रेल्वे इंजिन कोरलं. तेव्हा अख्ख्या टेक्सासमध्ये एक फूटही रूळ नव्हता. पहिली गाडी 1853 मध्ये धावली, हॅरिसबर्ग ते स्टॅफर्ड्स पॉइंट, सुमारे 32 किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे गाडीही त्याच वर्षीची आणि जवळपास तेवढ्याच अंतराची! ह्यूस्टनकरांनी 1856 मध्ये स्वतःचा फाटा काढून या मार्गाला जोडून घेतला आणि कापसाचा व्यापार आपल्याकडे वळवला. माझ्या मते शहराचं नशीब इथेच ठरलं.

आता पैशाचं बघू. टेक्सास आधी स्वतंत्र देश होता. 1845 मध्ये अमेरिकेत सामील होताना त्याने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. तिजोरीत खडखडाट होता, जमीन मात्र अफाट. म्हणून 1854 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना बांधलेल्या प्रत्येक मैलामागे 10,240 एकर जमीन द्यायचं ठरलं. असं करत एकूण सुमारे 3 कोटी 20 लाख एकर वाटली गेली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिलं तर साधारण दोन-पंचमांश! पश्चिमेकडची कितीतरी गावं आधी स्टेशन होती, वस्ती नंतर आली.

गॅल्व्हेस्टन हे खरं बंदर, पण 8 सप्टेंबर 1900 च्या चक्रीवादळात तिथे किमान सहा हजार माणसं गेली. त्यानंतर ह्यूस्टनचा हाच ओढा, बफेलो बायू, खोल खणून 1914 मध्ये मोठ्या जहाजांसाठी खुला झाला. 'लॉरा' जिथे ओंडके हटवत होती, त्या हॅरिसबर्गच्या बाजूला आता तेलाची जहाजं लागतात.