फुगणाऱ्या मातीत सिलिकाचे खांब

आमची चिकण माती भिजून मऊ होते, पण विकतचं बेंटोनाइट फुगून खळीसारखं होतं. असं का? (कुंभारकाम करणारे वाचक, डिचोली)

काका, फरक थरांत आहे. बेंटोनाइटमधल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाड. थरांमधले सोडियमचे आयन पाणी ओढतात आणि थर फाकतात. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम चांगलं सोडियम बेंटोनाइट चिमटीचिमटीने सोडा. दुसऱ्या दिवशी तळाशी २४ मिलीच्या वर गर साचलेला दिसेल. आपल्या जांभ्याच्या मुलखातल्या मातीत केओलिनाइट हे दुसरं खनिज जास्त, त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात. मडक्याला तेच बरं. फार फुगणारी माती वाळताना तडकते.

बेंटोनाइटमध्ये वाळू मिसळून भाजलं, तर विहिरीच्या पाण्यासाठी सच्छिद्र गाळणी होईल का? (गृहिणी, म्हापसा)

नाही, ताई. त्या बारीक पोकळ्यांसाठी मातीच्या थरांमधल्या फटीत सिलिकाचे खांब उभे राहायला हवेत. वाळूही सिलिकाच, पण तिचा बारीकसा कणसुद्धा त्या फटीच्या हजारो पट मोठा. सिलिका द्रवातूनच आत शिरायला हवी. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाची वाफ डोळ्यांना, फुप्फुसांना घातक. घरी करू नका.

माती मुळात फुगतेच, मग सिलिका कशाला? आणि माझ्या नमुन्याच्या एक्स-रे आलेखात पहिलं शिखरच दिसत नाही. (एम.एस्सी. विद्यार्थिनी, फोंडा)

पाण्याने उघडलेली फट वाळली की मिटते. ती कायम उघडी ठेवायची तर आत खांब हवेत. १९९५ साली अमेरिकेत पिनाव्हाया आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली युक्ती मला आजही विलक्षण सुंदर वाटते. आधी लांब शेपटीचे अमोनियम क्षार सोडियमची जागा घेतात, मग अमाइन (नायट्रोजन असलेलं सेंद्रिय रसायन) शिरून थर आणखी फाकवतं आणि या रेणूंचे झुबके होतात. त्यात टीईओएस (टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिका देणारा द्रव) घातलं की रेणूंच्या त्या झुबक्यांभोवती सिलिका धरते. शेवटी सुमारे ६०० अंश सेल्सिअसवर सेंद्रिय भाग जळून जातो. झुबक्यांच्या जागी पोकळ्या राहतात आणि सिलिका थरांना तोलून धरते. ग्रॅममागे काही दशक चौरस मीटर असलेलं पृष्ठफळ कित्येक शेकड्यांवर जातं.

आता तुझा आलेख. त्यातलं पहिलं शिखर एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर सांगतं; अंतर वाढलं की शिखर कमी कोनाकडे सरकतं. तू मोजणी ५ अंशांपासून सुरू केलीस, असं लिहिलं आहेस. तांब्याच्या एक्स-रे नळीवर ५ अंश म्हणजे सुमारे १.८ नॅनोमीटर, खांब उभे राहिले असतील, तर अंतर तीन नॅनोमीटरच्या पुढे गेलेलं असतं आणि शिखर अडीच अंशांच्या आसपास येतं. नमुना टाकू नकोस, दीड अंशापासून पुन्हा मोज. तरीही शिखर एक नॅनोमीटरजवळच सापडलं, तर मात्र थर मिटलेत. मग अमाइन आणि टीईओएसचं प्रमाण तपास, भट्टी सावकाश तापव.