नळ मोजले, पाण्याचं काय?

पाणी आणि स्वच्छतेत देश किती पुढे गेला, हे ठरवतात तरी कसं? मागच्या महिन्यात एका वाचकाने एवढंच विचारलं होतं. त्यावर आपल्या विदर्भातल्या खेड्यांमधून आणखी पत्रं आली. त्यातली पाच आज घेतो.

आमच्या गावाला ‘हर घर जल’ची पाटी लागली. अंगणात तोटी आली, पण पाणी येते आठवड्यातून दोनदा. मे महिन्यात तेही नाही, मग हापशीवर नंबर लावा. देशाच्या हिशोबात आमचं घर नळवालं की बिननळाचं?
– अंगणवाडी सेविका, केळापूर तालुका

ताई, कोणाच्या हिशोबात, ते आधी पाहू. घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनच्या वहीत तुमचं घर जमेला धरलं आहे. १५ ऑगस्ट २०१९ला मिशन जाहीर झालं तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता, म्हणजे शंभरात सतरा घरं. आज हा आकडा १५ कोटींच्या वर आहे. आकडा खोटा नाही, तोट्या खरंच लागल्या. पण मिशनच्याच नियमात माणशी रोज ५५ लिटर, मानकात बसणारं आणि नियमित पाणी असं लिहिलं आहे. तोटीचा फोटो काढून पोर्टलवर टाकता येतो, मे महिन्यातल्या कोरड्या तोटीचा कोणी टाकत नाही.

जगाची वही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून १९९०पासून ठेवतात. तिथे शिडी आहे. सगळ्यात खाली नदी-नाल्याचं पाणी, त्यावर उघडी विहीर. हापशी किंवा नळासारखा बऱ्यापैकी स्रोत असला, पण जाणं, नंबर लागणं आणि परत येणं मिळून अर्ध्या तासाच्या वर गेलं, तर ‘मर्यादित’. अर्ध्या तासात भागलं तर ‘मूलभूत’. वरच्या, म्हणजे ‘सुरक्षित’ पायरीसाठी तीन अटी: पाणी घरात किंवा अंगणात, हवं तेव्हा उपलब्ध, आणि त्यात विष्ठेचे जंतू, आर्सेनिक, फ्लोराइड नको. देशाचा आकडा काढताना या तीन अटींपैकी जिची टक्केवारी सगळ्यात कमी भरते, तीच धरतात. मला हे कडक वाटत नाही, रास्तच वाटतं.

ही तीन अटींची पद्धत २०१५नंतरची. त्याआधी फक्त स्रोत कोणता, एवढंच विचारायचे. त्या हिशोबाने जगाने पाण्याचं उद्दिष्ट २०१०मध्येच, मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं आणि २०१२मध्ये तशी घोषणाही झाली. मग पाणी कसं आहे हेही विचारायला लागले, तर २०२२ साली वरच्या पायरीखाली २२० कोटी माणसं निघाली.

तुमचं घर नळामुळे एका दिवशी वर दिसेल आणि मे महिन्यात हापशीच्या रांगेत दोन पायऱ्या खाली येईल. सर्वेक्षणवाले कोणत्या महिन्यात दारात आले, त्यावर बरंच ठरतं.

तुम्ही स्वतः मोजा. वीस लिटरची बादली तोटीखाली लावा आणि घड्याळ पाहा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला दहा लिटर. पाच माणसांच्या घराला ५५च्या हिशोबाने रोज २७५ लिटर लागतात, म्हणजे रोज साधारण अर्धा तास तशी धार हवी. आठवड्यातून दोनदा तास-तास आली, तर गरजेच्या दोन-तृतीयांशही होत नाही. अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर महिनाभर लिहून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: खात्याने ‘झालं’ म्हणणं वेगळं आणि ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित करणं वेगळं. पोर्टलवर दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात. तुमच्या ग्रामसभेने ठराव केला का, कधी केला, विचाराच.

तुमच्या भागात फ्लोराइडही आहे, म्हणून जास्तीचं सांगतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे फिरताना एका घरी सहावीतला पोरगा पाहिला होता. पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे. माय त्याला रोज राखुंडीने दात घासायला लावायची, रागवायची. दात मळलेले नव्हतेच. हिरडीत तयार होतानाच हापशीच्या पाण्यातलं फ्लोराइड त्यांत उतरलं होतं. त्या हापशीचं पाणी काचेसारखं नितळ होतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तुरटी आणि चुन्याने ते काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनेच शोधली. पण गाळ कोण काढणार, तुरटी कोण आणणार, इथे संयंत्रं बंद पडतात. त्यापेक्षा चांगला स्रोत शोधून तिथून नळ आणणं बरं.

आमच्याकडे खारपाणपट्टा. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. हे पाणी जगाच्या वहीत ‘सुरक्षित’ कसं काय?
– शेतकरी, दर्यापूर तालुका

भाऊ, बसू शकतं. जागतिक शिडीत रसायनं दोनच, आर्सेनिक आणि फ्लोराइड. खारेपणा त्यात नाही, नायट्रेटही नाही. आणि आपलं दुखणं नेमकं तेच. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचं भूजल खारं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटसाठी वर्धा, बुलडाणा, अमरावती ही नावं ठळक आहेत. ते येतं युरियातून, उकिरड्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातून. भारतीय मानकात मात्र दोन्ही आहेत: विरघळलेले क्षार ५००पर्यंत, पर्यायच नसेल तर २०००, नायट्रेट ४५, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये. म्हणून तक्रार लिहिताना जागतिक शिडीचा आधार घेऊ नका. प्रयोगशाळेचा अहवाल आणि भारतीय मानक जोडा.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिलो. एका सरकारी पाहणीत ग्रामीण भागात ७१ टक्के घरांत संडास, दुसरीत ९३. खरं कोणतं धरावं?
– विद्यार्थी, वर्धा

दोन्ही लिहा, पण कोणती पाहणी ते सांगून. ७१.३ टक्के हा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीचा, जुलै ते डिसेंबर २०१८चा. ९३.१ हा स्वच्छ भारतसाठी झालेल्या स्वतंत्र पडताळणीचा, २०१८-१९चा. महिन्यांचा फरक एवढा अंतर करत नाही. नमुना पाहणीच्या अहवालातच कबुली आहे की, संडासाआधी ‘सरकारी योजनेचा लाभ मिळाला का’ हे विचारलं गेलं, त्यामुळे लोकांनी कमी सांगितलं असू शकतं. पुढच्या हप्त्याच्या आशेने माणूस ‘नाही’ म्हणतो. आपण काय ओळखत नाही का! दुसरीकडे, ग्रामीण भारत २ ऑक्टोबर २०१९ला हागणदारीमुक्त जाहीर झाला आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातली, गावं-शहरं मिळून, १९ टक्के घरं कोणताच संडास वापरत नव्हती. परीक्षेत विचारलं तर हा तिसरा आकडाही जोडा. ‘बांधला’ आणि ‘वापरतो’ हे दोन प्रश्न आहेत.

आमच्या संडासचा खड्डा भरत आला. सासूबाई म्हणतात, आता वापरू नका, भरला तर उपसणार कोण? त्यांनी तिथे गोवऱ्या रचायला घेतल्या.
– गृहिणी, आर्णी तालुका

सासूबाईंची भीती खरी आहे, नुसती हसण्यावारी नेऊ नका. पण खड्डे दोन आहेत का ते आधी पाहा. दोन असतील तर मधल्या चेंबरमध्ये एक तोंड बंद करून दुसरं उघडायचं, एवढंच काम. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून राहू द्या, मग निघते ती कोरडी, वास नसलेली माती. ती शेतात चालते आणि कोणालाही मैला उपसावा लागत नाही. खड्डा एकच असेल तर गोवऱ्या काढा आणि शेजारी दुसरा खोदा. मात्र विहीर-हापशीपासून जमेल तितका लांब, आणि काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही म्हणून जरा रुंद. एक गंमत सांगतो. तुमचा हा खड्डा, संडास फक्त तुमच्या घरचा असेल तर, संडासांसाठीच्या जागतिक शिडीत वरच्या पायरीवर बसतो. शहरातला टाइल्सचा संडास, ज्याचं पाणी प्रक्रियेविना नाल्यात जातं, तो खाली राहतो. हे सासूबाईंना अवश्य सांगा.

ग्रामपंचायतीत नवीन निवडून आलो. पाण्यात क्लोरीन आहे का पाहायची ओटी टेस्ट रोज होते, वहीत सह्या आहेत, तरी हगवणीचे पेशंट निघतात.
– सदस्य, समुद्रपूर तालुका

टेस्ट कुठल्या नळाला होते ते पाहा. बहुतेक टाकीजवळच्या. तिथे पिवळं येणारच, कारण टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर तिथेच पडते. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या घरी करा. तिथे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो, आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. वर कोणी नळाला पाणी खेचणारा टिल्लू पंप लावला की आणखी जोरात. जलसुरक्षकाला घेऊन एकदा सकाळी पाणी सुटायच्या वेळी पाइपलाइनच्या बाजूने चाला. गटार जिथे पाइपला ओलांडतं, तिथे थांबून खाली वाकून पाहा.