दौत नव्हे, सहाण

प्रश्न असा आहे: कोरीव चिनी ‘इंकस्टोन’ला मराठीत दौत म्हणावं का, आणि त्यावरच्या अक्षरांना शिलालेख?

दौत नको. दौतीत तयार शाई असते, बोरू बुडवला की झालं. या दगडावर शाई तयार करावी लागते. काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी, चार थेंब पाणी, आणि संथपणे गोल गोल उगाळणं. आपण चंदन उगाळतो, बाळाची गुटी उगाळतो, ते कशावर? सहाणेवर. म्हणून ‘शाईची सहाण’. मला हा शब्द फार आवडतो, कारण मूळ चिनी नावाशीही तो जुळतो. चिनीत या दगडाला ‘येन’ म्हणतात, आणि पूर्व हान काळातला ‘शीमिंग’ हा कोश त्याची फोड ‘उगाळणे’ अशीच करतो: शाई उगाळून ओली, एकजीव करायची ती वस्तू.

फरक एवढाच, की आपली सहाण सपाट असते. येनचा पृष्ठभाग एका टोकाला उतरत जातो आणि तिथल्या खळग्यात शाई साठते. कारागिराची करामत बहुधा या खळग्याभोवती दिसते. क्वांगतोंग प्रांतातल्या ‘त्वान’ दगडात फिकट, गोल ठिपके असतात, त्यांना ‘डोळे’ म्हणतात. चांगला कारागीर तो डोळा न छाटता त्याचा चंद्र करतो आणि भोवती ढग कोरतो.

आता लेख. शिलालेख म्हटलं की आपल्यासमोर गद्धेगाळ (शापवचन कोरलेला उभा दगड) किंवा देवळाची भिंत उभी राहते, चारचौघांनी वाचावं असं काहीतरी. येनच्या पाठीवरचा मजकूर दगड हातात घेऊन, उलटून वाचायचा. त्याला ‘मिंग’ म्हणतात. हे अक्षर लिहिताना डावीकडे ‘धातू’चं चिन्ह येतं, कारण हे लेख आधी काशाच्या भांड्यांवर असत. दगडावर ते बऱ्याचदा छोट्या पद्यात असतात. नुसतं ‘कोरीव लेख’ म्हणावं.

शेवटी असलेली तारीख मात्र जपून वाचा. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच चिनी वर्षचक्रही साठांचं आहे. नुसतं ‘वू-श्यू’ असेल तर ते १७१८, १७७८, १८३८ यांपैकी कुठलंही वर्ष असू शकतं. सोबत छ्येनलोंग बादशहाच्या कारकिर्दीचं नाव असेल, तर १७७८ वाचावं. कारागिराच्या नावाचंही तसंच. सुचौची गू अर्न्यांग ही अठराव्या शतकाच्या आरंभीची नामांकित कारागीर. तिची सही पुढे इतरांनी इतक्या दगडांवर कोरली, की केवळ सहीवरून दगड तिचा ठरत नाही.