वाचकांचे प्रश्न : ध्वनिमुद्रित अजान पुरेशी आहे काय?

प्रश्न : अस्सलामु अलैकुम. आमच्या मशिदीच्या मुअज्जिनांनी (अजान देणाऱ्यांनी) वयोमानामुळे काम थांबवले असून त्यांच्या जागी कायमस्वरूपी कोणी मिळालेले नाही. समितीतील काही सदस्यांनी असे सुचवले की, मक्केच्या हरममधील (तेथील मुख्य मशिदीतील) मुअज्जिनांच्या आवाजातील अजान पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती टायमरच्या साहाय्याने पाचही वेळा लाउडस्पीकरवरून लावावी. आवाज सुरेल राहील, उच्चार अचूक राहतील आणि वेळही चुकणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. काही दिवस तसे करूनही पाहिले. ही पद्धत शरीअतला धरून आहे काय? आणि त्या दिवसांतील नमाज पुन्हा अदा कराव्या लागतील काय?
— मशीद समितीचे एक सदस्य

उत्तर : व अलैकुम अस्सलाम. आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण मनाला टोचणी त्याचीच अधिक असणार. त्या दिवसांतील नमाज वेळेत आणि रीतसर अदा झाल्या असतील, तर त्या झाल्या. पुन्हा करण्याची आवश्यकता नाही. अजान ही नमाज ग्राह्य ठरण्याची अट नाही. हनफी मताप्रमाणे जमातीच्या (सामूहिक) फर्ज (अनिवार्य) नमाजसाठी ती सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे आग्रहाने सांगितलेली सुन्नत, आहे, तर हंबली मताप्रमाणे वस्तीतील कोणीतरी पार पाडावीच अशी फर्ज-ए-किफाया (सामूहिक कर्तव्य) आहे. परंतु ती राहून गेली म्हणून नमाज बातिल (रद्द) होते, असे हनफी, हंबली धरून चारही प्रमुख मजहबांपैकी (शरीअतच्या परंपरांपैकी) कोणी मानत नाही. ध्वनिमुद्रणावर भागवल्यामुळे उणीव राहिली ती अजानीत, नमाजेत नव्हे.

आता मुख्य प्रश्न. मशिदीत दिली जाणारी अजान ध्वनिमुद्रणाने अदा होत नाही. मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामी या जागतिक मुस्लिम संघटनेच्या फिक्ह (धर्मशास्त्र) परिषदेपुढे हाच प्रश्न कॅसेटच्या काळात आला होता. १९८६ साली, म्हणजे हिजरी १४०६ मध्ये, परिषदेने असा निर्णय दिला की, टेपवरून लावलेली अजान पुरेशी नाही आणि प्रत्येक मशिदीत प्रत्येक नमाजेच्या वेळी अजान देणारी व्यक्ती असली पाहिजे. कॅसेट जाऊन पेन ड्राइव्ह आला, पुढे आणखी काही येईल. या निर्णयामागची कारणे मात्र साधनावर अवलंबून नाहीत.

पहिले कारण असे की, अजान ही इबादत (उपासना) आहे आणि इबादत करण्यासाठी ती करणारा लागतो. मालिक बिन हुवैरिस आणि त्यांचे साथी पैगंबरांकडे काही दिवस राहून घरी परतू लागले, तेव्हा त्यांना मिळालेला आदेश सहीह बुखारी या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात आहे : नमाजेची वेळ झाली की तुमच्यापैकी एकाने अजान द्यावी आणि तुमच्यातील वयाने मोठा असेल त्याने इमामत (नमाजेचे नेतृत्व) करावी. येथे कामाबरोबरच ते करणारा माणूसही सांगितला आहे, आणि तो जमलेल्यांपैकीच असावा असे सांगितले आहे. इमामाच्या जागी ध्वनिमुद्रित किरअत (कुरआनपठण) लावून तिच्यामागे रुकू-सजदे (वाकणे आणि माथा टेकणे) करण्याचा विचार आपल्या समितीतील कोणाच्याही मनात येणार नाही. मग त्याच आदेशाचा अर्धा भाग यंत्रावर सोपवण्याला आधार कोणता, हे सुचवणाऱ्यांनीच सांगावे.

अजान देणारा मुस्लिम आणि समज असलेला असावा, कलमे क्रमाने आणि सलग यावीत, अशा अटी फुकहांनी (फिक्हच्या जाणकारांनी) घातल्या आहेत. अनेकांनी नियतही (मनातील हेतू) आवश्यक मानली आहे. ध्वनिमुद्रणातील मुअज्जिनाची नियत त्याच्या शहरातील, त्या दिवसाच्या नमाजेची होती; आपल्या गल्लीतील आजच्या असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) ती नव्हती. हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांत याच्याशी जुळणारी एक मनोरंजक चर्चा आढळते. पढवलेल्या पोपटाच्या तोंडून किंवा डोंगरातून उमटलेल्या प्रतिध्वनीतून सजद्याची आयत (कुरआनातील जे वचन ऐकल्यावर सजदा करायचा असतो ते) कानी पडली, तर ऐकणाऱ्यावर तो सजदा, म्हणजे सजदा-ए-तिलावत, वाजिब (आवश्यक) होतो काय, असा तो प्रश्न आहे. उत्तर असे दिले गेले की होत नाही, कारण शब्द हुबेहूब असले तरी ते समजून उच्चारणारा तेथे कोणी नाही. ध्वनिमुद्रणाचा निर्णय करताना आजच्या अनेक उलमांनी (धर्मपंडितांनी) हेच सूत्र पुढे नेले आहे.

सुरेल आवाजाचा मुद्दा अगदीच निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. पैगंबरांचे साथी अब्दुल्लाह बिन जैद यांना स्वप्नात अजानीचे शब्द समजले, तेव्हा पैगंबरांनी ते दुसरे साथी बिलाल यांना शिकवण्यास सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक चांगला आणि दूरवर पोहोचणारा होता. मात्र येथेही चांगल्या आवाजाचा माणूसच निवडला गेला. आवाज दूर नेण्यासाठी मायक्रोफोन वापरण्यास उलमांची सर्वसाधारण मान्यता आहे, ती याच कारणासाठी : मायक्रोफोन समोर उभ्या असलेल्या मुअज्जिनाचा आवाज मोठा करतो, त्याची जागा घेत नाही.

वेळेच्या अचूकतेचा मुद्दा सर्वांत बिनतोड वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पैगंबरांच्या मशिदीत बिलाल यांच्याखेरीज इब्ने उम्मे मक्तूम हेही अजान देत असत. ते अंध होते. पहाट झाली, पहाट झाली, असे त्यांना कोणी सांगितल्यावर ते फजरची अजान देत, असे हदीसमध्ये आले आहे. वेळ कळण्यासाठी ते दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून होते आणि तरीही मुअज्जिन तेच होते. म्हणून आपला टायमर काढून टाकण्याची गरज नाही. वेळ सांगण्यापुरता तो ठेवावा. तो वाजला की कोणीतरी उठून अजान द्यावी, एवढेच.

शिवाय यंत्र वेळ चुकवत नाही हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. फजरच्या अजानीत ‘अस्सलातु खैरुम मिनन नौम’, म्हणजे झोपेपेक्षा नमाज उत्तम, हे वाक्य दोनदा येते. टायमरला चुकीची फाइल जोडली गेली, की तेच वाक्य भर दुपारी जोहरला ऐकू येते आणि मध्येच थांबवायला तेथे कोणी नसते. मोबाईल ब्लूटूथने जोडलेला असेल, तर अजानीच्या मध्यावर कोणाच्या तरी फोनची रिंग वाजते. याहून गंभीर प्रकार वेगळा आहे. अजान लावण्यासाठी कोणी येण्याची गरज उरली नाही, की मशीद उघडायलाही कोणी वेळेवर येत नाही, आणि कुलूपबंद इमारतीतून ‘हय्या अलस्सलाह’, नमाजेकडे या, अशी हाक वस्तीवर जाते. एखादा म्हातारा ती ऐकून वजू (नमाजेपूर्वी हातपाय-तोंड धुणे) करून निघाला, तर तो बंद दारापाशी येऊन उभा राहतो. इमाम जामिन (जबाबदार) आहे आणि मुअज्जिन अमीन आहे, अशी हदीस आहे. लोक आपल्या रोज्याची आणि नमाजेची वेळ ज्याच्यावर विश्वास ठेवून सोडतात तो अमीन. टायमरला हा विश्वास सांभाळता येत नाही.

कायम मुअज्जिन मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण ती दिसते तेवढी मोठी नाही. अजान देण्यासाठी आलिम (धर्मपंडित) किंवा हाफिज (कुरआन पाठ असलेला) असावे लागत नाही. पाचही वेळा एकाच व्यक्तीने द्यावी असेही नाही. हनफी पद्धतीच्या अजानीत १५ वाक्ये आहेत, फजरला १७. इमामसाहेबांनी नियमित येणाऱ्या नमाजींपैकी चार-पाच जणांना बसवून उच्चार दुरुस्त करून घेतले, तर पाळी लावणे अवघड जाऊ नये. समज आलेल्या मुलाची अजानही पुष्कळ फुकहांनी ग्राह्य धरली आहे. अजान आणि पहिली सफ (नमाजेची रांग) यांत काय दडले आहे हे लोकांना कळले असते, तर त्यांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या असत्या, असे पैगंबरांनी सांगितले. आणि अजान कोणी द्यावी यावरून खरोखरच वाद झाल्यावर पैगंबरांचे साथी साद यांनी चिठ्ठ्या टाकून तो मिटवला, असा उल्लेख बुखारीत आहे. आपल्या समितीने ही हदीस एका जुम्याला (शुक्रवारच्या नमाजेला) लोकांसमोर ठेवावी. हरमच्या मुअज्जिनांचे ध्वनिमुद्रण फेकून देऊ नये. शिकणाऱ्यांना ऐकवण्यासाठी त्याहून चांगले साधन मिळणार नाही.

प्रश्न : मोबाईलमधील ॲपवर अजान वाजते. तिला जबाब द्यावा (ऐकलेले शब्द आपणही उच्चारावेत) काय, आणि तिच्यावर रोजा सोडता येतो काय?
— एक वाचक भगिनी

उत्तर : घरात आठवणीसाठी ॲप वापरण्यास हरकत नाही, ती मशिदीची अजान नसून गजर आहे. ध्वनिमुद्रित अजानीला जबाब देणे सुन्नत ठरत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. तरीही ते शब्द आपण मनोभावे उच्चारलेत, तर तो जिक्र (ईश्वरस्मरण) म्हणून चांगलाच आहे. रेडिओवर आपल्याच शहरातील अजान प्रत्यक्ष प्रसारित होत असेल, तर तिला मात्र जबाब द्यावा, असे अनेकांचे मत आहे.

रोजा सूर्य मावळल्यावर सुटतो, अजानीमुळे नाही. म्हणून ॲपमधील वेळ बरोबर असेल तर इफ्तार करण्यास अडचण नाही. तपासायचे ते ॲपच्या सेटिंगमध्ये. फजरची वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना धरायची, याबाबत संस्थांची गणिते वेगळी आहेत : राबिताचे गणित १८ अंशांचे, इजिप्तचे १९.५ अंशांचे, तर उत्तर अमेरिकेत १५ अंशांचे गणित प्रचलित झाले. १५ आणि १८ अंशांमध्ये विषुववृत्तावरही किमान १२ मिनिटांचा फरक पडतो आणि तेथून उत्तरेला किंवा दक्षिणेला जावे तसा तो वाढतो. सहरीच्या (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या) वेळी एवढा फरक फार होतो. असरसाठीही हनफी आणि इतर मजहब असे दोन पर्याय ॲपमध्ये असतात. स्थानिक मशिदीचे वेळापत्रक ज्या पद्धतीने तयार होते, तीच आपण निवडावी.

प्रश्न : काही देशांत एकच अजान सर्व मशिदींतून ऐकवतात. तीही ध्वनिमुद्रितच समजायची काय?
— एक विद्यार्थी

उत्तर : नाही, ती पद्धत निराळी आहे. कैरोमध्ये २०१० च्या रमजानपासून ती सुरू झाली. प्रत्येक मशिदीचा मुअज्जिन काही क्षणांच्या फरकाने अजान सुरू करी आणि आवाज एकमेकांत मिसळत, या तक्रारीवर तो उपाय होता. रेडिओ केंद्रात मुअज्जिन वेळेवर प्रत्यक्ष अजान देतो आणि मशिदींमध्ये बसवलेल्या रिसीव्हरमधून ती लाउडस्पीकरवर येते. तुर्कस्तानातील अनेक शहरांतही मध्यवर्ती अजानीची व्यवस्था आहे. येथे अजान देणारा जिवंत माणूस असतो, नियतही त्याच वेळेच्या नमाजेची असते, म्हणून ध्वनिमुद्रणावरचा मुख्य आक्षेप तिला लागू होत नाही. परंतु ‘तुमच्यापैकी एकाने’ हा आदेश प्रत्येक मशिदीच्या जमातीला उद्देशून आहे, असे मानणाऱ्या उलमांना ही व्यवस्था मान्य नाही. १९८६ च्या निर्णयातही अजानींच्या अशा एकत्रीकरणाविषयी नापसंती व्यक्त झाली होती. मलाही या उलमांचेच म्हणणे अधिक सबळ वाटते. गोंगाट कमी करायचा असेल, तर लाउडस्पीकरचा आवाज उतरवता येतो. त्यासाठी हजारो मशिदींतील मुअज्जिनांना गप्प बसवण्याची आवश्यकता नव्हती.