संजीवन सभांमधून समाजसुधारणा खरोखर झाली का?

संजीवन सभांमधील, म्हणजे ख्रिस्ती धर्मजागृतीसाठी भरणाऱ्या प्रवचन-प्रार्थना सभांमधील, अश्रू आणि जाहीर पश्चात्ताप ही चार दिवसांची भावनेची लाट असते, तिला समाजसुधारणेचे श्रेय देणे ही चर्चची आत्मस्तुती आहे, असा आपला आक्षेप आहे. तो काही अंशी मला मान्य आहे. मात्र अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संजीवन पाहिले, तर लाट ओसरल्यावरही बरेच काही मागे उरलेले दिसते.

ईरी कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला आणि न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे पिठाच्या गिरण्यांचे गाव झपाट्याने वाढले. मालकाच्या घरात राहणारा कारागीर आता मजुरीवर, वेगळ्या वस्तीत राहू लागला. दारूचा प्रश्न चव्हाट्यावर आला तो याच काळात. सप्टेंबर १८३० ते मार्च १८३१ या काळात संजीवन सभांचे प्रवचनकार चार्ल्स फिनी यांनी तेथे प्रवचने केली. ते मूळचे वकिलीतले, त्यामुळे ज्यूरीसमोर बाजू मांडावी तसे बोलत. पुरुषांच्या उपस्थितीत स्त्रियांनी मोठ्याने प्रार्थना करण्यासही त्यांनी मुभा दिली, जे त्या वेळी अनेक पाळकांना खपले नाही.

माझ्या मते खरी किल्ली त्यांच्या शिकवणीत आहे. जुन्या कॅल्विनवादी मतानुसार (तारण कोणाला द्यायचे हे देवच ठरवतो, असे मानणारा प्रोटेस्टंट विचार) माणसाने देवाच्या कृपेची वाट पाहायची. फिनी म्हणत की पाप ही इच्छेची कृती आहे, म्हणून ते आत्ताच सोडता येते. एकदा गुलामगिरीला पाप ठरवले की ती ‘हळूहळू’ संपवण्याच्या युक्तिवादाला जागाच उरत नाही. फिनींच्या प्रभावाखाली आलेल्या थिओडोर वेल्ड यांनी १८३४ मध्ये सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, नेमका हाच वाद घडवून आणला. विश्वस्तांनी या वादविवादावर बंदी घालताच बरेचसे विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांतील अनेक जण ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात गेले. ओबर्लिनने १८३५ मध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचे ठरवले आणि १८४१ मध्ये तीन स्त्रियांना पदवी दिली. फिनी तेथेच प्राध्यापक झाले.

आता आपल्या आक्षेपाची दुसरी बाजू. तीच गीते, तेच अश्रू अमेरिकेच्या गुलामगिरी असलेल्या दक्षिण भागातही होते. पण तेथील व्यासपीठावरून जुगार आणि दारू ही पापे ठरली, तर गुलाम बाळगणे हा सरकारी कायद्याचा विषय मानला गेला. याच प्रश्नावर मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट हे प्रोटेस्टंट पंथ अनुक्रमे १८४४ आणि १८४५ मध्ये दुभंगले. खुद्द फिनी गुलामांच्या मालकांना प्रभुभोजन (चर्चमधील भाकरी-द्राक्षारसाचा पवित्र विधी) नाकारत, तरीही त्यांच्या न्यूयॉर्कमधील चर्चमध्ये कृष्णवर्णीयांची बैठक वेगळीच असे. गुलामगिरीविरोधी चळवळीपुढे संजीवन मागे पडेल, अशी धास्तीही त्यांना होती. त्यामुळे संजीवन आले म्हणजे सुधारणा आलीच, असे समीकरण मांडता येत नाही. पापाच्या यादीत काय घातले जाते, यावर सारे अवलंबून होते.

या लाटेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. या धर्मजागृतीच्या काळातच १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था स्थापन झाली आणि तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये त्याच मिशनमार्फत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. तेथील शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. बाप्तिस्मा मात्र त्यांनी घेतला नाही.